सही जुळत नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांनी एकदा केलेली सही आयुष्यात पुन्हा म्हणून केली नाही. हे मी मीठमसाला लावून सांगत नाही. बारामतीच्या एका सहकारी बँकेत सह्या ताडून बघायच्या टेबलावर मी बसत होतो आणि त्यांचा एकेक चेक माझ्या हाताखालून गेलेला आहे. खरं सांगायचं तर जाता जाता अडकलेला आहे. जगात कुणाची सही उजवीकडे कलते, कुणाची डावीकडे, कुणी शेवटी दोन ठिपके देतो. माणूस बदलला तरी सही बदलत नाही, या भरवशावर बँक चालते. आमच्या या व्याह्यांचं नेमकं उलटं होतं. माणूस वर्षानुवर्षं तसूभर हलला नाही. तोच विटका तपकिरी फेटा, बावड्यातला तोच ओटा, ओट्यावरची तीच जागा. सही मात्र दर खेपेला नवी कोरी.

सगळं बावडा गाव त्यांना तात्या म्हणायचं, म्हणून आम्हीही तात्याच म्हणायचो. पाटाच्या पाण्यावरचा ऊस, थोडी लिंबाची बाग, कारखान्याचं सभासदत्व, असं त्यांचं बरं चाललं होतं. आमचं घर कऱ्हाटीचं, म्हणजे आभाळाकडे बघून शेती करणाऱ्यांचं. त्यात आम्ही मुलीकडचे. त्यामुळे तात्यांपुढे मी कायम अर्धा वाकलेलाच असायचो. ते मला 'पाव्हनं' म्हणत आणि माझी इवलीशी सही बघून हमखास म्हणत, "कऱ्हाटीची मानसं. पान्याची काटकसर करता करता शाईचीबी करायला लागली."

कारखान्याने उसाचे पैसे बँकेतून द्यायला सुरुवात केली तेव्हा तात्यांना खातं उघडणं भाग पडलं. खातं उघडताना एका कार्डावर तीन नमुना सह्या घेतात. पुढे येणारा प्रत्येक चेक त्या कार्डाशी ताडून बघायचा. सही जुळली तर पैसे, नाही जुळली तर चेक परत. मी तात्यांपुढे कार्ड ठेवलं आणि तीन रेघा दाखवल्या. त्यांनी पहिल्या रेघेवर वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट सगळं नाव लिहिलं. दुसरीवर नुसतं आडनाव घेतलं आणि त्याला वेलबुट्टी काढली. तिसरीवर जे काही काढलं ते मला पहिल्यांदा नांगरच वाटलं. तिन्ही सह्या मोडीत होत्या, म्हणजे आपल्या जुन्या, हात न उचलता लिहायच्या लिपीत, जिच्यात अक्षरं एकमेकांचा हात धरून पळत असतात. मी चाचरत म्हटलं, तात्या, तिन्ही एकसारख्या हव्या होत्या. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तीन मागितल्या, तीन दिल्या," ते म्हणाले. "एकच सही तीन डाव लिवून बँकेला फसवू व्हय?"

यावर बहिणीच्या सासऱ्यांना काय बोलणार? मी कार्ड मुकाट्याने फायलीत लावलं. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ माझ्या त्या भिडेत आहे, हे मी इथे कबूल करून टाकतो.

सहीबद्दल तात्यांचं स्वतःचं असं एक शास्त्र होतं. सही म्हणजे शिक्का नव्हे, सही म्हणजे त्या घटकेचा माणूस. माणूस काल जेवला होता, आज उपाशी आहे, मग त्याची सही सारखी कशी येईल? एकादशीला त्यांची सही खरोखरच बारीक यायची. पोळ्याच्या सुमाराला शेवटच्या अक्षराला शिंगं फुटायची. भाऊबंदांशी बांधावरून वाजलं असेल त्या दिवशी ती इतकी दाबून व्हायची की चेकबुकातल्या खालच्या तीन पानांवर उमटायची आणि ते भांडण पुढचे तीन चेक पुरायचं. एकदा बँकेत माझ्यासमोरच सही करताना त्यांना शिंक आली आणि शेवटचा फराटा चेकावरून उतरून टेबलावर गेला. मी म्हटलं, तात्या, दुसरा चेक लिहा. ते म्हणाले, "का? शिंक काय खोटी व्हती?" तो फराटा बरेच दिवस माझ्या टेबलावर होता. कुणी विचारलं तर मी सांगायचो, उरलेली सही आहे.

चेक म्हणजे आपण बँकेला लिहिलेलं पत्र, अशी त्यांची समजूत होती. नीट विचार केला तर ती चूकही नव्हती. पण तात्या ती फार मनावर घेत. चेकाच्या माथ्यावर 'श्री' यायचा, कोपऱ्यात ख्यालीखुशाली यायची. एकदा बारामतीच्या पेंडवाल्याला त्यांनी चेक दिला. पैसे कुणाला द्यायचे त्या जागी 'आमचे बोळातले पेंडवाले, बँकेस माहीत असतीलच' असं लिहिलं होतं, आणि अक्षरी रकमेच्या जागी मोडीत लिहिलं होतं: 'सव्वाशे, परंतु आधी शंभर सांगून पाहावे, माणूस लबाड आहे.' पेंडवाल्याला मोडी येत नव्हती. तो बिचारा आपल्याच लबाडीचा दाखला हातात धरून काउंटरवर हसत उभा होता. मी चेक परत केला आणि कारण म्हणून 'रक्कम निश्चित नाही' एवढंच लिहिलं.

तारखेचं वेगळंच प्रकरण. तात्या तिथी आणि शक लिहीत. आमचे मॅनेजर नियमाचे अतिशय पक्के आणि स्वभावाने अतिशय गरीब, असे चमत्कारिक गृहस्थ होते. त्यांनी तो शक इंग्रजी साल म्हणून वाचला आणि निकाल दिला की हा चेक अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीचा आहे, आणि सहा महिन्यांहून जुना चेक बँक घेत नाही. तात्या योगायोगाने बँकेतच होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अठ्ठ्यात्तर वर्सं पैसं तुमच्याकडं पडून हायती म्हनता, तर व्याज काढलंय का?" मॅनेजरांनी चष्मा काढला आणि आत पाणी प्यायला गेले.

हे असले चेक परत गेल्याचं तात्यांना कधी वाईट वाटलं नाही. कारण ते बहुतेक समोर परत होत. मी काउंटरवर वाकून चूक दाखवायचो, ते ती दुरुस्त करायचे, दुरुस्त करता करता नवी एक घालायचे, तेवढ्यात चहा यायचा, आणि डोळ्यांदेखत झालेली मोडी सही मी तीनपैकी कुठल्या तरी नमुन्याशी जुळवून घ्यायचो. चूक तोंडावर सांगितली की तिची चूक राहत नाही, गप्पा होतात, असं ते म्हणत. त्या वेळी मला ते नुसतं मौजेचं बोलणं वाटलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही घरी अक्का म्हणतो. ती सातवीची फायनल पास होऊन बावड्याला नांदायला गेली. चार माणसांत मान वर न करणारी बाई. पण एकदा कारखान्याचं छापील पत्रक तात्या बोटाने चाचपून वाचताना तिला दिसले आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. तात्यांना छापील बाळबोध अक्षर, म्हणजे आपली आजची देवनागरी, जेमतेम लागायचं. लिहिणं तर सोडूनच द्या. अक्काने चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्याच्या फरशीवर मुळाक्षरं काढून दिली. पदर डोक्यावर, हातात कोळसा, आणि समोर मांडी घालून बसलेले सासरे. अक्षर चुकलं की ती काही बोलायची नाही, ओलं फडकं पुढे करायची. तात्या निमूटपणे पुसायचे आणि पुन्हा काढायचे. हा सोहळा बघायला गावातली म्हातारी माणसं मुद्दाम ओट्यापाशी रेंगाळत.

सगळं जमलं, अडलं ते वेलांटीपाशी. मोडीत वेलांटी एकच; ऱ्हस्व-दीर्घाचा तिथे कुणी विचार करत नाही. बाळबोधीत पहिली वेलांटी डावीकडून येते, दुसरी उजवीकडून. तात्यांच्या लांबलचक नावात नेमक्या दोन्ही होत्या. एका घरात दोन वेलांट्या कशाला, उद्या भांडणं लागतील, असं त्यांचं म्हणणं. मनाला येईल त्या बाजूने ते वेलांटी द्यायचे आणि अक्का फडकं पुढे करायची. शिवाय मोडीच्या सवयीने ते आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला वाळत घातल्यासारखी अक्षरं लटकवायचे. ही रेघ मात्र अक्काने त्यांना ठेवू दिली. सगळंच काढून घेऊ नये, असं ती मला म्हणाली होती.

यातूनच तात्यांच्या डोक्यात आलं की अक्काने पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाऊन रीतसर मास्तरीण व्हावं. गावातल्या मुलींच्या वर्गावर बाई टिकत नव्हती. एका बसने यायची, बदली करून घेऊन दुसऱ्या बसने जायची. घरची सून घर सोडून शिकायला जाणार म्हटल्यावर भावकीत कुजबुज झाली. तात्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "जिनं मला दुसरी वेलांटी शिकीवली ती म्हशीलाबी शिकवंल." आमचे भावोजी दिवसातून चार शब्द बोलणारे, त्यांनी त्यातले दोन खर्च केले. म्हणाले, "जाऊ दे." अक्काने अर्ज केला, जागा मिळाली, आणि फी भरायची वेळ आली.

फीचा चेक तात्यांनी ज्या थाटात लिहिला त्याचं वर्णन अक्काने मला पत्रातून कळवलं होतं. सकाळी आंघोळ करून, देवाला फूल वाहून ते बसले. 'श्री' नाही, ख्यालीखुशाली नाही, तारीख इंग्रजी, रक्कम नेमकी. आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदा, बाळबोध सही. पहिली वेलांटी डावीकडून, दुसरी उजवीकडून. अक्काने फडकं तयार ठेवलं होतं, ते लागलं नाही. ते पत्र वाचून मला इतका आनंद झाला की एक साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. आमच्या कार्डावरच्या तिन्ही सह्या मोडीत होत्या.

आठवड्याने तो चेक पुण्याहून फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. आडवी रेघ बघूनच मी तो ओळखला. इतकी कष्टाने काढलेली सही मी तोपर्यंत पाहिली नव्हती आणि इतकी न जुळणारीही पाहिली नव्हती. मी तो घेऊन मॅनेजरांकडे गेलो आणि म्हणालो की मी या गृहस्थांना ओळखतो, सही त्यांचीच आहे. त्यांनी चेक कार्डाशेजारी धरला. मग म्हणाले, "ही सही तुम्ही ओळखता. बँक ओळखते का?" त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. बँक हातातला कागद आणि कपाटातलं कार्ड एवढंच ओळखते. मी परतीची छापील चिठ्ठी काढली, 'सही जुळत नाही' या ओळीपुढे खूण केली आणि खाली माझी ती काटकसरीची सही ठोकली. 

आता 'परत' या शब्दाविषयी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे लग्नात केलेला आहेर समोरच्याने परत पाठवला तर त्याचा अर्थ एकच होतो: तुमचा-आमचा संबंध संपला. उंबरठा तुटतो. आणि इथे तर सासऱ्याने सुनेसाठी दिलेला कागद सुनेच्याच भावाने, स्वतःच्या सहीनिशी, टपालाने परत केला होता. कॉलेजचं पत्र बावड्याला पोचलं: चेक वटला नाही, दहा दिवसांत फी आली नाही तर जागा दुसऱ्या बाईला देण्यात येईल. पाठोपाठ अक्काचं पत्र मला आलं. त्यात जागेबद्दल अक्षर नव्हतं. तात्या दोन दिवस धड जेवलेले नाहीत, तू ये, एवढंच होतं. पण तिचं अक्षर मी ओळखतो. ओळी खाली उतरल्या होत्या.

शनिवारी अर्ध्या दिवसाने मी इंदापूरची एसटी धरली आणि तिथून बावड्याला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी मला "या" म्हटलं, पण 'पाव्हनं' म्हटलं नाही. पाणी आलं, गूळ आला नाही. मी समजलो. माझी परतीची चिठ्ठी त्यांच्यापुढेच होती, वर लिंबू ठेवलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून.

"चेक परत पाठीवला," तात्या चिठ्ठीकडे बघत म्हणाले. "पाठवा. नियम असंल तुमचा. पन कागद परत करायचा तर त्याच्यासंगं मानूस यावा लागतो. मानूस न्हाय आला. नुसता कागद आला."

मला ओशाळल्यासारखं झालं. चेक का परत जातो याची सगळी कारणं मला पाठ होती. तो परत गेल्यावर पलीकडच्या ओट्यावर काय होतं, हे आमच्या छापील चिठ्ठीत कुठेच नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. मग हळूच वाट काढून दिली: तात्या, सोपं आहे, नवा चेक लिहा, मोडीत सही करा, तिन्हींपैकी कुठलीही चालेल, मीच पास करतो.

"न्हाय," तात्या म्हणाले. "ही फी तिच्या शाळंची. तिनं शिकीवलेली सही तिच्याच फीला चालत न्हाय, तर मग तिनं शिकीवलं कशापायी?"

 मी दुसरा रस्ता सांगितला. बारामतीला येऊन नवं कार्ड भरायचं, मॅनेजरांच्या देखत बाळबोधीत तीन सह्या करायच्या. पण या खेपेला तिन्ही एकसारख्या, त्यात तडजोड नाही. ज्यांनी उभ्या जन्मात दोन सारख्या केल्या नाहीत त्यांना मी तीन मागत होतो, आणि हातात दिवस उरले होते सहा.  तेवढ्यात दारातून अक्का बाहेर आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"तात्या, बसायचं का?" ती म्हणाली.

पुढच्या चार दिवसांत बावड्यात जे झालं ते मी अक्काकडून आणि निम्म्या गावाकडून ऐकलं आहे. तात्या सही गिरवत सुटले. ओट्यावर कोळशाने, पाटाच्या कडेच्या चिखलात काठीने, बैलगाडीच्या फळीवर खडूने. दळणाला बसलेल्या बायकांच्या परातीतल्या पिठातही बोटाने एक सही उमटली. न्हाव्याने हजामत करताना हनुवटी धरली तेव्हा तात्यांचा हात आपल्या मांडीवर वेलांट्या काढत होता. अक्का मागोमाग फिरून तपासायची आणि चुकली ती पुसायची. बँकेच्या दृष्टीने खातेदाराची सही म्हणजे कुलपात ठेवायची वस्तू. ती त्या चार दिवसांत सगळ्या गावाला तोंडपाठ झाली. शेळ्या राखणाऱ्या म्हातारीलासुद्धा दुसरी वेलांटी कुठल्या बाजूने येते ते कळलं. हे आमच्या मॅनेजरांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी बावड्याची सगळी खाती बंद केली असती.

पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीने तात्या आणि अक्का बारामतीला आले. तात्यांनी नवा फेटा बांधला होता आणि पिशवीत नारळ होता. मॅनेजरांच्या हातात नारळ देऊन त्यांनी पाऊसपाणी विचारलं, घरची मंडळी विचारली, जणू सोयरीकच जमवायला आले होते. मग ते खुर्चीवर बसले आणि मी नवं कार्ड पुढे ठेवलं. पहिली सही उत्तम आली. दुसरी पहिलीसारखी आली. तिसरीला त्यांनी टाक उचलला आणि थांबले.

"सायेब," ते अगदी अजिजीने म्हणाले, "तिसरी जरा मोकळी केली तर?"

मॅनेजरांनी मान हलवली. तात्यांनी सुस्कारा टाकला आणि त्या सुस्काऱ्यातच दुसरी वेलांटी डावीकडून दिली. मागे अक्का खोकली. पण शाईवर फडकं चालत नाही. मॅनेजरांनी कार्ड उचललं, फाडलं, आणि दुसरं कोरं कार्ड स्वतःच्या हाताने तात्यांपुढे ठेवलं. नियमात किती कार्डं द्यावीत हे लिहिलेलं नाही, असं ते नंतर मला म्हणाले. कॉलेजची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि पुण्याची गाडी दुपारी होती. अक्का भिंतीशी उभी होती. तिने दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळून धरलं होतं, आणि मला एकदम जाणवलं की तिला जायचं होतं, फार जायचं होतं, आणि हे तिने आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

तात्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग आडवी रेघ ओढली आणि एका दमात तिन्ही सह्या केल्या. मॅनेजरांनी भिंग लावून अक्षरन् अक्षर बघितलं. शेवटी ते चक्रावून म्हणाले, की सही इतकी तंतोतंत जुळली की उलट संशय येतो, एखादी खोटी तर नाही ना.

"तिन्ही खोट्या हायती, सायेब," तात्या फेटा सारखा करत म्हणाले. "खरी मोडीत हाय. पन ह्या चालत्याल्या सुनंच्या कामाला."

नवा चेक तिथेच लिहिला गेला. मी म्हटलं, मी रजिस्टरने पाठवतो. तात्या म्हणाले, एकटा गेला म्हणूनच परत आला. ते स्वतः चेकाला सोबत म्हणून निघाले. दौंडला गाडी बदलून सुनेला घेऊन पुण्याला गेले, कॉलेजच्या कचेरीत कारकुनापुढे बसले आणि पावती हातात पडेपर्यंत उठले नाहीत. त्या कारकुनालाही त्यांनी घरची मंडळी विचारली म्हणे. जागा राहिली. अक्का शिकली, आणि बावड्यातल्याच मुलींच्या वर्गावर बाई म्हणून रुजू झाली. ती दुसऱ्या बसने कुठे गेली नाही.

तात्यांचं पुढे काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. तीन सह्या सारख्या करून आपण बँकेचे उपकार फेडले, अशी त्यांची समजूत झाली आणि ते पुन्हा एकादशीला बारीक, पोळ्याला शिंगांची सही करायला मोकळे झाले. फरक पडला तो माझ्यात. त्यांचा चेक जुळला नाही की मी परतीची चिठ्ठी लिहीत नसे. शनिवारी चेक खिशात घालून बावड्याची बस धरायचो, ओट्यावर बसून नवा चेक लिहून घ्यायचो आणि गूळपाणी, चहा, कधी लिंबं घेऊन परत यायचो. मॅनेजर विचारायचे, "निघालात का सही आणायला?" नियमात हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणे जाऊन नये पैसे आले, त्यानंतरच्या एका थंडीतली गोष्ट. अक्काच्या वर्गाला फळा घ्यायचा म्हणून तात्यांनी शाळेच्या नावाने दिलेला चेक माझ्या टेबलावर आला. आडवी रेघ चढावर चालल्यासारखी वर गेली होती. अक्षरं एकमेकांपासून सुटली होती. वेलांट्या होत्या की नुसत्या थरथरीच्या खुणा होत्या, सांगता येत नव्हतं. या सहीत एकादशी नव्हती, पोळा नव्हता, शिंकही नव्हती. मी चेक मॅनेजरांपुढे ठेवला. त्यांनी भिंग उचललं नाही. वार मंगळवार होता. ते म्हणाले, "जाऊन या."

तात्या ओट्यावरच होते, पण बाजेवर, घोंगडीत, उन्हाला. फेटा उशाशी ठेवलेला. अक्का शाळेत होती; लांबून मुलींचा पाढ्यांचा आवाज येत होता. माझ्या पावलांनी त्यांनी डोळे उघडले.

"चेक परत आला व्हय?"

"नाही तात्या," मी म्हणालो. "मी आलोय."

ते हसले. मी चेकबुक मागून घेतलं, नवा चेक लिहिला, खाली पाट दिला, त्यांना पाठीशी धरून बसवलं आणि हातात पेन दिलं. मग मी जे बोललो ते बँकेतल्या माणसाने कधी बोलू नये. मी म्हटलं, तात्या, मोडीत करा, नांगर काढा, तुमच्या मनाला येईल तशी करा. मी बघून घेईन. ते बोललो तेव्हा मी मनापासून बोललो होतो. त्या दिवशी त्यांनी चेकावर नुसता ठिपका दिला असता तरी मी तो पास करून नोकरी सोडली असती.

तात्या जरा वेळ शाळेच्या बाजूला कान देऊन बसले. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि आडवी रेघ ओढली. फार वेळ लागला. मध्ये दोनदा पेन टेकवून त्यांनी दम खाल्ला. पहिली वेलांटी डावीकडून आली. दुसरीला ते थांबले, आणि ती उजवीकडून आली.

"जुळंल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जुळते.

"मग हीच खरी," असं म्हणून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि घोंगडी वर ओढून घेतली.

त्यांनी सही केलेला तो शेवटचा चेक. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून कार्ड काढलं, चेक त्याच्याशेजारी ठेवला आणि नियमाप्रमाणे एकेक अक्षर ताडून बघितलं. मग चेक पास केला. सही जुळत होती.